वरची जाळी

‘डेस्कटॉपच घे,’ असं वैभवने लिहिलं होतं. एवढंच. अनुजा तेव्हा लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत रांगेत उभी होती. आईने सांगितलेली बेडगी मिरची पुढची बाई संपवून टाकणार अशी धास्ती होती, आणि मसाला कुटणाऱ्या यंत्रांतून उठलेला खकाणा सगळ्यांच्या नाकाडोळ्यांत जात होता. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला, परत काढला, परत वाचलं. त्या दोन शब्दांतला ‘च’ तिला टोचला. डोळ्यांना पाणी आलं ते मिरचीमुळे, असं तिने स्वतःला तिथल्या तिथे सांगून टाकलं. बाजूच्या बाईनेही रुमाल लाव गं तोंडाला म्हटलं, त्यामुळे ते खरंच ठरलं. घरी येईपर्यंत मात्र मिरचीचा काही संबंध उरला नव्हता. लोक हेव्याला पोटदुखी म्हणतात ते काही उगाच नाही. तिला खरोखरच पोटात, बेंबीच्या जरा वर, दुखत होतं.

प्रश्न तिनेच विचारला होता. तिचा गेमिंगचा लॅपटॉप आता थकला होता. बिजागरी एका बाजूने निसटलेली, चार्जर काढला की बॅटरी मान टाकायची, आणि खेळ रंगात आला की आतला पंखा असा घोंघावायचा की बाबा आतल्या खोलीतून विचारायचे, मिक्सर कोणी लावला. तर आता यातच रॅम वाढवावी, नवी बॅटरी आणि मोठी एसएसडी टाकावी, प्रोसेसरवरची वाळून गेलेली पेस्ट बदलावी आणि अजून थोडा काळ ओढावा, की सरळ सुटे भाग आणून डेस्कटॉप जुळवावा, असा तो साधा प्रश्न होता. साधा म्हणजे एखाद्या दुकानदाराला विचारला असता तर साधा. वैभवला विचारला तेव्हा तो तसा नव्हता, आणि हे वैभवला आपोआप कळायला हवं अशी तिची अपेक्षा होती. कारण हा प्रश्न तिने पूर्वीही विचारला होता, हाच लॅपटॉप घेताना, आणि तेव्हा त्याने लिहिलं होतं, ‘लॅपटॉपच घे, तुला इकडे आणायला बरं.’ त्याही वाक्यात ‘च’ होता. पण त्या ‘च’च्या मागे ठाकूरद्वारची त्याची वाडी होती, तिसरा मजला होता, दारात उभ्या राहिलेल्या कालिंदीकाकू होत्या. आणि आताचा सल्ला अगदी बरोबर होता, हीच तर गोची. लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही, मुळात तेच जुनं झालेलं, बाकी कितीही मलमपट्टी केली तरी तो तापणारच. डेस्कटॉपचा एकेक भाग सवडीने बदलत जाता येतो. हे तिला पाठ होतं. सल्ला चुकीचा असता तर भांडता तरी आलं असतं.

वैभव आणि ती परळच्या एका विमा कंपनीत एकाच दिवशी नोकरीला लागले होते, आणि जेवणाच्या सुट्टीत दोघांनी एकाच खेळाला एकाच वेळी शिवी घातली तेव्हा त्यांची जोडी जमली. पुढे दोघांच्या नोकऱ्या बदलल्या, पण शनिवार राहिला. शनिवारी जेवण झालं की अनुजा लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर, माउस, हेडफोन असं सगळं पाठीवरच्या बॅगेत कोंबायची आणि बस पकडून ठाकूरद्वारला जायची. दार उघडताच काकू म्हणायच्या, ‘आलं बाई बिऱ्हाड.’ वैभवची आई, पण तिच्याशी बोलताना त्यांच्या आवाजात एक वेगळाच खट्याळपणा यायचा, वैभवशी बोलताना नसलेला. खिडकीजवळच्या टेबलावर वैभवचा डेस्कटॉप असायचा, आणि उरलेल्या हातभर जागेत अनुजाचा लॅपटॉप. एकदा तो तापून बंद पडला, तेव्हा त्याला खालून हवा लागते एवढं काकूंना समजलं आणि त्यांनी देवघरातला छोटा चौरंग आणून त्याच्याखाली सरकवला. देवाचा ना तो काकू, असं ती म्हणाली, तर देव काही तापत नाही, असं त्यांचं उत्तर. तेव्हापासून तो चौरंग तिचा. त्या टेबलाशी दोघं खांद्याला खांदा लावून खेळायचे. वैभवचा श्वास अडकला की शत्रू उजवीकडून येतोय हे तिला कळायचं, पडद्यावर दिसायच्या आधी. हे हेडफोनमधून कळत नाही. मग काकू चहा ठेवायच्या आणि साखरेचा डबा कुठे आहे ते न विचारता अनुजा तो काढून द्यायची.

याला प्रेम म्हणावं का, हे तिने तपासून पाहिलं होतं. प्रामाणिकपणे, पुन्हा पुन्हा, दात दुखतोय का हे जिभेने चाचपून बघावं तसं. वैभवचा हात धरावा असं तिला कधी वाटलं नाही. तो चहा फुरकतो, हरला की दुसऱ्यावर ढकलतो, स्वतःचे मोजे स्वतः कधी धूत नाही. प्रेम असतं तर एका परीने बरं झालं असतं. मैत्रिणींना सांगता आलं असतं, त्यांनी चार दिवस समजूत काढली असती. टेबलावरच्या हातभर जागेसाठी माणूस कुठे जाऊन रडणार? लग्न ठरल्याचंही त्याने खेळता खेळताच सांगितलं होतं. मनवा नाव आहे, शीवला राहते, व्हिडिओ एडिट करते. अनुजाने अभिनंदन केलं, आणि त्याच डावात त्याला वाचवायला जायला तिने उशीर केला. तो खेळात मेला. लॅपटॉप अडकला का गं, असं त्याने विचारलं आणि ती हो म्हणाली. लग्न दादरच्या एका हॉलमध्ये झालं. मंगलाष्टकांना सगळे उभे राहिले, दर ‘सावधान’ला लोक अक्षता टाकत होते, आणि तिच्या मुठीतल्या तशाच राहिल्या. हात उचलायचा आणि सोडायचं, इतकं सोपं होतं, पण तो हात उचलला गेलाच नाही. सनई सुरू झाली तेव्हा तिने मूठ खुर्चीमागे उघडली आणि ती जेवायला गेली. हात साबणाने धुतला तरी तळवा संध्याकाळपर्यंत लाल होता.

लग्नानंतरही ती जात राहिली, पण शनिवार विरळ झाले. मनवा दार उघडायची आणि म्हणायची, ‘या ना अनुजाताई.’ ताई! तिच्याहून जेमतेम वर्षा-दोन वर्षांनी लहान असेल. ताई म्हटलं की बाईला पाहुणी करून खुर्चीवर बसवून टाकता येतं, आणि मग तिला स्वयंपाकघरात यायचं कारण उरत नाही. मनवा वाईट होती असंही नाही. वाईट असती तर अनुजाने तिला माफ केलं असतं. ती हळू बोलायची, पोहे बरे करायची आणि काकूंच्या मागे मागे अशी फिरायची की जणू घरात कुठे पाय ठेवायचा याची तिला परवानगी लागते. मग एक दिवस वैभवने फोटो पाठवला. टेबलावर त्याच्या जुन्या काळ्या डब्याशेजारी नवाकोरा पांढरा कॅबिनेट, एका बाजूला काच, आत जांभळे-निळे दिवे, गणपतीच्या मखराला असतात तसे. मनवाचा. अनुजाने फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. ती हातभर जागा शोधत होती. जागा नव्हती. मग ती दिवसभर मनातल्या मनात त्या दोघांना लॅमिंग्टन रोडवर हिंडताना बघत राहिली: वैभव दुकानदाराला आपल्या त्या शहाण्या आवाजात हा पंखा नको, तो दाखवा म्हणतोय, मनवा पुठ्ठ्याचा खोका पोटाशी धरून उभी, मग दोघं उसाचा रस पितायत. तुझा करू तेव्हा सगळा रस्ता पालथा घालू, असं तो अनुजाला किती वेळा म्हणाला होता. ते ‘तेव्हा’ दुसऱ्याच कुणाच्या वाट्याला गेलं होतं.

आणि आता तो म्हणत होता, डेस्कटॉपच घे. म्हणजे जागेवर बस. लालबागच्या तिच्या घरात टीव्ही आणि आईचं शिलाई मशीन यांच्यामध्ये एक कोपरा होता, तिथे टेबल मावलं असतं. तिने तिथे उभं राहून पाहिलं. भिंतीकडे तोंड, पाठीमागे आईच्या मालिका. कानात हेडफोन, त्यातून ठाकूरद्वारचा आवाज येणार, वैभवचा, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीची कुरकुरही येणार. ती खुर्ची कशी कुरकुरते हे तिला माहीत होतं, वर्षानुवर्षं तिच्यावर तीच बसली होती. खेळ बंद होणार नव्हता. खेळाचा प्रश्नच नव्हता. लॅपटॉप दुरुस्त केला तर ती अजून बॅग पाठीला लावून कुठेतरी जाणारी बाई राहणार होती, आणि डेस्कटॉप घेतला तर तिला बोलावलेलं नाही हे तिने स्वतःच कबूल केल्यासारखं होणार होतं. तिने वैभवला लिहिलं, विचार करते. त्याने अंगठा पाठवला.

खंडेनवमीला ती ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आली. दर वर्षी त्या दिवशी काकू घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायच्या, आणि चौरंगावरचा लॅपटॉपही त्यांच्या लेखी घरातलाच होता. त्याच्या झाकणावरचा कुंकवाचा ठिपका अनुजाने कधी पुसला नव्हता. बाबा, म्हणजे रमाकांत, गिरणीतला आपला जुना पाना रॉकेलने पुसून पाटावर मांडत होते. तिला बॅग भरताना पाहून ते म्हणाले, ‘आमचो देव चालणा नाय काय तुझ्या मशिनीक?’ त्यांनी ते हसत म्हटलं होतं. या वर्षी बोलावणंही आलं नव्हतं. दर वर्षी तरी कुठे यायचं, असं तिने मनाशी म्हटलं आणि चार्जर बॅगेत टाकला.

वाडीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत फडकी वाळत होती, आणि फडक्यांच्या शेजारी दोरीवर चिमट्याने लावलेली एक काळी, वीतभर रुंदीची बारीक जाळी. काय आहे ते अनुजाला लगेच ओळखू आलं. मनवाच्या कॅबिनेटच्या माथ्यावर बसणारी, धूळ अडवणारी ती जाळी; काकूंनी सगळं स्वच्छ करा म्हटल्यावर सुनेने इमानदारीत तीही धुतली होती. दार काकूंनीच उघडलं. ‘आलं बाई बिऱ्हाड,’ त्या म्हणाल्या, आणि क्षणभर सगळं पूर्वीसारखं वाटलं. पण चौरंगावर विळी, अडकित्ता आणि सरस्वतीचं चित्र काढलेली पाटी होती. लॅपटॉप कुठे ठेवायचा म्हणून काकूंनी इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, वॉशिंग मशीनवर ठेव गं, त्याचीही पूजा करायचीच आहे. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे अनुजालाही कळत होतं. तरी धुण्याच्या यंत्रावर लॅपटॉप ठेवताना तिला कानशिलं तापल्यासारखी वाटली, आणि मनवा पटकन पुढे येऊन ताई मी ठेवते म्हणाली, त्याने ती आणखीच तापली.

काकूंनी विळीला हळदकुंकू लावलं, अडकित्त्याला लावलं, वैभवच्या डेस्कटॉपला लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि वरून अक्षता टाकल्या. तो डबा वरून बंद पत्र्याचा. त्यावर दर वर्षी अक्षता पडायच्या आणि टेबलावर घरंगळायच्या. मग काकू पांढऱ्या कॅबिनेटकडे वळल्या. वैभवने दिवे दिसावेत म्हणून तो चालू ठेवला होता आणि स्वतः मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. कॅबिनेटच्या माथ्यावर आता नुसती मोठाली षटकोनी भोकं होती, खाली फिरता पंखा. काकूंनी ताटलीतून मूठ भरली. काकू, वरून नको. तीन शब्द. ते अनुजाच्या तोंडात अगदी तयार होते, जिभेला त्यांची चव लागत होती. तिने मान वर केली तर मनवा तिच्याकडे बघत होती. काचेकडे नाही, काकूंच्या हाताकडे नाही, सरळ अनुजाच्या चेहऱ्याकडे. बघ, असं अनुजाच्या मनात आलं, बघून घे माझं तोंड, तुझ्या मखराची पूजा होताना माझं तोंड कसं होतं ते तुला बघायचंय ना. तिने ओठ मिटून घेतले. काकूंची मूठ उघडली. आधी काहीच झालं नाही, मग आतून टिक टिक टिक असा आवाज सुरू झाला, आणि अनुजाला त्या आवाजाचा आनंद झाला, स्वच्छ, लख्ख आनंद, कितीतरी महिन्यांत झाला नव्हता असा.

तो काही फार टिकला नाही. वैभवने धावत जाऊन बटण बंद केलं. काकू हातातली ताटली तशीच धरून, माझं काही चुकलं का, असं प्रत्येकाला विचारत राहिल्या. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला होता, आणि तेवढं अनुजाला बघवेना. तूच उघड, तुझी बोटं बारीक आहेत, असं अनुजाला सांगून वैभव खालच्या घड्याळवाल्याकडून चिमटा आणायला गेला, आणि काकू देवघरापुढे जाऊन बसल्या. अनुजाने काचेचे स्क्रू काढले. मनवाने मोबाइलचा उजेड धरला. पंख्याच्या पात्यांत, ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर, वायरींच्या खाचांत कुंकवाने लाल झालेले तांदूळ अडकले होते. अनुजा एकेक दाणा नखाने उचलून डाव्या तळहातावर ठेवू लागली. तळवा लाल व्हायला लागला.

‘मी तुझ्याकडे बघत होते,’ मनवा म्हणाली.

अनुजाने मान वर केली नाही. तुझ्याकडे, असं ती म्हणाली होती, आणि ताई म्हणायची राहिली होती.

‘जाळी बाहेर वाळत होती हे मला माहीत होतं ना. मला वाटलं तू बोलशील आईंना.’ तिचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता. ‘तू बोललीस की त्या हसतात. मी बोलले की नुसतं बरं म्हणतात आणि मग दिवसभर गप्प. वैभवला काही कळतच नाही. या घरात त्यांना थांबवू शकेल असं दुसरं कोण आहे?’

अनुजाचं नख एका दाण्यावर थांबलं. ती हातभर जागा गेली म्हणून ती इतके दिवस जळत होती, आणि ही मुलगी त्याच घरात उभी राहून तिच्या जागेकडे बघत होती. काकूंना अडवायची जागा. साखरेचा डबा न विचारता काढायची जागा. ती कुणी घेतलेली नव्हती. ती तिच्याकडेच होती, आत्ता मघापर्यंत. मला दिसलं नाही, असं ती म्हणू शकली असती. ‘मला दिसलं होतं,’ ती म्हणाली. मनवाने उजेड हलू दिला नाही. मग ती म्हणाली, ‘त्या कोपऱ्यात अजून एक आहे,’ आणि तिथे खरंच एक होता.

वैभव चिमटा घेऊन आला तोवर काम झालं होतं. बटण दाबलं, पंखे फिरले, आवाज नव्हता. तो खूश झाला. काकूंना हाक मारून त्याने ते दाखवलं, आणि अनुजानेही काकूंना सांगितलं की काही बिघडलं नाही, पुढच्या वेळी फक्त बाजूला टाका. काकू तिच्याकडे बघून हसल्या. मग वैभवने विचारलं, ठरलं का तुझं, लॅपटॉप की डेस्कटॉप? अनुजा स्क्रू पिळत होती, आणि तिने तो हवा त्यापेक्षा सावकाश पिळला. त्याने एवढंच म्हणायचं होतं की अगं, मग इकडे कसा आणणार. तिने त्याला तेवढा वेळ दिला.

‘डेस्कटॉप,’ ती म्हणाली.

‘बेस्ट. ऑनलाइन खेळूच की आपण,’ असं म्हणून तो पॉवर सप्लाय चांगला घे, त्यात कंजुषी करू नकोस वगैरे सांगू लागला. तो जे सांगत होता ते सगळं बरोबर होतं. काकूंनी नव्या यंत्रासाठी म्हणून कागदाच्या पुडीत कुंकू आणि अक्षता बांधून दिल्या. काचेवरचे हाताचे ठसे मनवा ओढणीने पुसत होती, पुसून झाले तरी पुसत होती. ‘म्हणजे आता शनिवारी येणार नाहीस?’ तिने शेवटी विचारलं. वैभव त्याचा व्हिडिओ कसा आलाय ते बघत होता. जे वाक्य त्याच्या तोंडून यावं म्हणून अनुजा मिरचीच्या रांगेपासून वाट बघत होती, ते या दुसऱ्याच तोंडातून आलं होतं. तिचं न येणं या घरात कुणाला तरी लागणार होतं. तिला बरं वाटलं, आणि हिच्याकडून बरं वाटतंय याचा रागही आला.

बघू, असं काहीतरी ती पुटपुटली आणि चपला घालायला गॅलरीत आली. धुतलेली जाळी अजून दोरीवर होती. मागून मनवा लॅपटॉप भरून तिची बॅग घेऊन आली, आणि ती देईल म्हणून अनुजाने हात पुढे केला, तर तिने बॅग दिली नाही. एका खांद्यावर घ्यायला गेली, वाकली, मग दोन्ही पट्ट्यांत हात घालून ती पाठीवर चढवली.

‘एवढं वजन,’ मनवा म्हणाली, ‘दर शनिवारी आणायचीस?’

सवय होती, असं अनुजा म्हणाली. त्या घरात ती बॅग आजवर दुसऱ्या कुणी उचलली नव्हती. मनवा ती पाठीवर घेऊन कठड्याला धरत पुढे जिना उतरू लागली, आणि अनुजा मोकळी तिच्या मागून निघाली. पाठीला काहीच नव्हतं, त्यामुळे त्या ओळखीच्या पायऱ्या तिला नीट जमेनात.